नाडीत न दिसणारी दवा

हृदयाच्या जुन्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी नीट वाचली, तर ओळखीच्या नावांखाली कधी कधी दोन अनोळखी नावे दिसतात: ट्रायमेटाझिडिन आणि रॅनोलाझिन. ॲस्पिरिन रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून, स्टॅटिन कोलेस्टेरॉलसाठी, बीटा ब्लॉकर नाडी संथ ठेवण्यासाठी, एवढे आता बहुतेक घरांना ठाऊक असते. या दोन गोळ्या कशासाठी, असे विचारले तर "हार्टच्या आहेत" एवढेच उत्तर मिळते. त्यांनी रक्तदाब फारसा उतरत नाही, नाडीही संथ होत नाही. मग त्या लागू पडतात की नाही, हे कळते कसे?

या साध्या प्रश्नामागे मोठा इतिहास आहे. त्यात एक औषध जवळजवळ जगभरातून हद्दपार झाले आणि फक्त नीट लक्ष ठेवल्यामुळे परत आले. दुसऱ्या औषधाचा अपाय म्हातारपणाच्या नावावर खपत होता. तिसऱ्या औषधाचा गुण खरा निघाला, पण तो का येतो याचे पहिले स्पष्टीकरण टिकले नाही. आपल्या घरात अम्मी-अब्बांच्या औषधांचा डबा सांभाळणाऱ्यांना हा इतिहास उपयोगी पडेल, म्हणून तो थोडा सविस्तर सांगतो.

चालताना, जिना चढताना छाती भरून येते, आवळल्यासारखे होते आणि थांबले की दोन-चार मिनिटांत बरे वाटते. या दुखण्याचे नेमके वर्णन लंडनचे वैद्य विल्यम हेबर्डन यांनी 1768 मध्ये तिथल्या वैद्यांच्या सभेत वाचले. ते 1772 मध्ये छापले गेले. 'अंजायना' हे नाव त्यांनीच रूढ केले. त्यामागच्या लॅटिन शब्दात आवळण्याचा, घुसमटण्याचा अर्थ आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षे या दुखण्यावर भरवशाचा उतारा नव्हता. 1867 मध्ये एडिंबरातील तरुण डॉक्टर लॉडर ब्रंटन यांनी अमाइल नायट्राइट हुंगायला देऊन कळ थांबवली. 1879 मध्ये लंडनच्या विल्यम मरेल यांनी नायट्रोग्लिसरीनचा उपयोग प्रसिद्ध केला. सुरुंगाच्या दारूतले हेच द्रव्य सूक्ष्म मात्रेत रक्तवाहिन्या सैल करते. डायनामाइटचे जनक आल्फ्रेड नोबेल यांना अखेरच्या काळात हृदयविकारासाठी डॉक्टरांनी नायट्रोग्लिसरीनच सुचवले होते, हा नियतीचा खेळ त्यांच्याही लक्षात आला होता. आपल्याकडची 'जिभेखालची गोळी' याच घराण्यातली.

1960च्या दशकात जेम्स ब्लॅक यांनी प्रोप्रॅनोलॉल हे बीटा ब्लॉकर तयार केले. पुढे 1988 मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा विचार सरळ होता. अरुंद झालेल्या नळीतून हृदयाला रक्त कमी मिळत असेल, तर हृदयाचे कामच कमी करावे. नाडी संथ झाली, रक्तदाब उतरला की प्राणवायूची गरज घटते. नायट्रेट असो की बीटा ब्लॉकर, दोन्हींचा परिणाम बाहेरून मोजता येतो. नर्सच्या बोटांना नाडी सांगते, रक्तदाबाचे यंत्र आकडा दाखवते. या औषधांनी नाडी किंवा रक्तदाब फार खाली जाऊ लागला, की डोस वाढवता येत नाही. तरीही कळ येतच राहिली, तर पुढे काय?

इथे एक निराळी वाट दिसली. हृदय हा स्नायू अहोरात्र चालतो आणि त्याला इंधन लागते. निरोगी हृदय आपली निम्म्याहून बरीच अधिक ऊर्जा चरबीच्या आम्लांपासून मिळवते, उरलेली मुख्यतः साखरेपासून. चरबीतून ऊर्जा भरपूर निघते, पण तेवढ्याच ऊर्जेसाठी साखरेपेक्षा साधारण 10 टक्के अधिक प्राणवायू खर्च होतो. हवा भरपूर असते तेव्हा हा फरक कोणाच्या लक्षात येत नाही. बंद खोलीतल्या चुलीचा विचार करा. खिडकी उघडी असेल तर कोणतेही सरपण चालते. खिडकी लावून घेतली की कमी हवेत जळणारे सरपण हवे. 1963 मध्ये फिलिप रँडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की चरबी आणि साखर ही दोन इंधने एकमेकांना मागे सारतात. चरबीचा वापर वाढला की साखरेचा घटतो, आणि उलटही होते. मग चरबीचे ज्वलन थोडे रोखले तर हृदय साखरेकडे वळेल आणि आहे त्या प्राणवायूत अधिक काम करेल, असा तर्क पुढे आला. हृदयाचे काम कमी करायचे नाही, सरपण बदलायचे. याच तर्काच्या औषधांना चयापचयी औषधे म्हणतात.

या वाटेवरचे सर्वांत नाट्यमय औषध पेरहेक्सिलिन. 1970च्या दशकात ते अनेक देशांत वापरात आले आणि त्याचा गुण विलक्षण होता. इतर औषधांना दाद न देणारी कळ त्याने कमी होत असे. मग वाईट बातम्या येऊ लागल्या. काही रुग्णांचे यकृत बिघडले. काहींच्या पायांतली संवेदना गेली, तळव्यांना मुंग्या येऊ लागल्या, चालताना तोल जाऊ लागला. काहींचे वजन झपाट्याने उतरले. तोच डोस, तोच आजार, पण एकाला आराम आणि दुसऱ्याला पांगळेपण. कारण सापडत नव्हते. 1980च्या दशकात बहुतेक देशांतून हे औषध मागे घेण्यात आले.

कारण सापडले ते दुसऱ्याच औषधाच्या अभ्यासात. 1970च्या दशकाच्या मध्यावर लंडनच्या सेंट मेरीज वैद्यकीय महाविद्यालयात रॉबर्ट स्मिथ आणि त्यांचे सहकारी डेब्रिसोक्विन या रक्तदाबाच्या औषधाची तपासणी करत होते. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांनी ते स्वतःच घेतले. सहकाऱ्यांना फारसे काही झाले नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र एवढा कोसळला की त्यांना उभे राहता येईना. त्यांच्या शरीरात ते औषध जवळजवळ मोडतच नव्हते. 1977 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात यावरचा निबंध आला. त्यावर पहिले नाव होते ए. महगूब. काही माणसांच्या यकृतातले एक एन्झाइम जन्मतःच निष्क्रिय असते, हे त्यातून पुढे आले. युरोपीय वंशाच्या लोकांत असे शंभरात सात ते दहा जण सापडतात. आपल्या उपखंडात हे प्रमाण त्याहून कमी आहे, पण शून्य नाही.

1982 मध्ये रश्मी शाह आणि सहकाऱ्यांनी हे दोन धागे जोडले. पेरहेक्सिलिनमुळे ज्यांचे मज्जातंतू बिघडले, त्यांच्यात हे एन्झाइम नीट काम न करणारे लोक ठळकपणे जास्त होते. म्हणजे औषध सर्वांसाठी विषारी नव्हते. काहींच्या शरीरातून ते बाहेर पडत नव्हते आणि आठवड्यांमागून आठवडे साचत जात होते. दिसायला डोस सारखाच, पण रक्तातली मात्रा कितीतरी पट जास्त.

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडमध्ये जॉन हॉरोविट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय काढला. औषध द्यायचे, पण रक्तातली त्याची मात्रा वेळोवेळी मोजायची. दर लिटर रक्तद्रवात 150 ते 600 मायक्रोग्रॅम या हद्दीत ती राहिली, तर गुण येतो आणि अपाय सहसा टळतो. एखाद्याला रोज दोन-तीन गोळ्या लागतात, तर एखाद्याला आठवड्यात एखादीच पुरते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये पेरहेक्सिलिन या पद्धतीने वापरात राहिले. औषधाचा रेणू तोच होता. बदलले होते ते देणाऱ्यांचे लक्ष.

पेरहेक्सिलिनच्या या कथेतून मला एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. दवा चांगली की वाईट, हे पुष्कळदा दवेवर ठरत नाही. ती घेणाऱ्यावर कोणाची नजर आहे, यावर ठरते.

आता आपल्या चिठ्ठीवरच्या ट्रायमेटाझिडिनकडे येऊ. फ्रान्सच्या सर्व्हिए कंपनीचे हे औषध भारतात सर्रास लिहिले जाते. अमेरिकेत त्याला कधी मान्यता मिळाली नाही. खेळाच्या बातम्या वाचणाऱ्यांना त्याचे नाव निराळ्या कारणाने माहीत असेल. 2014 पासून ते खेळाडूंसाठी निषिद्ध आहे, आणि 2022 च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी रशियाची पंधरा वर्षांची स्केटर कामिला वालियेव्हा याच औषधावरून अडचणीत आली. हृदयरोग्यांच्या दृष्टीने महत्त्वाची बातमी मात्र त्याआधीची, 2012 ची आहे. युरोपच्या औषध नियामक संस्थेने तेव्हा त्याचा फेरविचार केला. हे औषध काही रुग्णांत कंपवातासारखी लक्षणे आणते, असे दिसून आले होते. हात थरथरणे, अंग ताठरणे, पाऊल अडखळणे. म्हणून कानात आवाज येणे, चक्कर, दृष्टीच्या तक्रारी यांसाठी ते देणे बंद करावे, असे संस्थेने सांगितले. पहिल्या पसंतीच्या औषधांनी भागत नसेल तेव्हा अंजायनासाठी जोडीला म्हणून ते ठेवले गेले. कंपवाताच्या रुग्णांना आणि मूत्रपिंड फार कमजोर झालेल्यांना ते वर्ज्य ठरले. ते थांबवल्यावर ही लक्षणे बहुधा काही महिन्यांत जातात.

इथे क्षणभर थांबून आपल्या घरांचा विचार करावा. सत्तरीतल्या माणसाचा हात थरथरू लागला, चहाची बशी हिंदकळू लागली, तर आपण काय म्हणतो? "उम्र झाली." डॉक्टरांना सांगत नाही. सांगितलेच तर थरथरीसाठी आणखी एक गोळी सुरू होण्याची शक्यता असते. थरथर मूळच्या गोळीची असू शकते, हे त्या घरात कोणाला ठाऊकच नसते. म्हातारपण हे असे पांघरूण आहे की त्याखाली औषधाचा अपाय सहज झाकला जातो.

रॅनोलाझिनची कथा वेगळी. चरबीचे ज्वलन रोखणारे औषध म्हणूनच त्याचा अभ्यास सुरू झाला. पुढच्या संशोधनात दिसले की नेहमीच्या मात्रेत ते काम फारसे होत नाही. हृदयाच्या पेशीत ठोक्याच्या उत्तरार्धात सोडियमचा जो प्रवाह रेंगाळतो तो हे औषध रोखते, त्यामुळे पेशीत साचणारे कॅल्शियम कमी होते आणि स्नायू नीट सैल पडतो, हे स्पष्टीकरण आता मानले जाते. गुण खरा होता, त्याचे कारण बदलले. अमेरिकेत 2006 मध्ये त्याला मान्यता मिळाली. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मर्लिन' चाचणीत 6560 रुग्ण होते. या औषधाने मृत्यू किंवा हृदयविकाराचे झटके कमी झाले नाहीत, पण कळ पुन्हा पुन्हा येणे कमी झाले. ट्रायमेटाझिडिनचीही 6007 रुग्णांवर चाचणी झाली, तिचे निकाल 2020 मध्ये आले. अँजिओप्लास्टी यशस्वी झाल्यानंतर सरसकट हे औषध दिल्याने पुढचा धोका कमी झाला नाही.

यावरून या गोळ्या फुकट आहेत असे कोणी समजू नये. मशिदीपर्यंत चालत जाताना चार वेळा थांबावे लागणारा माणूस न थांबता पोहोचू लागला, तर ती मोठीच कमाई आहे. पण तेच मोजायला हवे. आयुष्य वाढवण्याचा पुरावा नसलेले, फक्त त्रास कमी करण्यासाठी असलेले औषध त्रास कमी करत नसेल, तर ते वर्षानुवर्षे चालू ठेवण्याला अर्थ काय? आणि त्रास कमी झाला की नाही, हे नाडी सांगत नाही, रक्तदाबाचे यंत्र सांगत नाही. ते रुग्ण सांगतो आणि त्याच्याजवळ राहणारे माणूस सांगते.

आपल्या परंपरेत हा विचार नवा नाही. इब्न सिना यांनी हृदयाच्या औषधांवर 'अल-अदविया अल-कल्बिया' हा स्वतंत्र ग्रंथ लिहिला, हे पुष्कळांना माहीत असते. त्याचा अभिमानही आपण बाळगतो. पण त्यांच्या 'कानून'च्या दुसऱ्या खंडातले औषध पारखण्याचे नियम फारसे कोणी सांगत नाही. औषधाचा परिणाम केव्हा दिसतो ती वेळ पाहावी. तो नेहमी किंवा बहुतेक वेळा दिसतो का, हे पाहावे. एरवी तो योगायोग असू शकतो. प्राण्यावर पारखलेले औषध माणसावर तसेच वागेल असे मानू नये. हजार वर्षांपूर्वीच्या या नियमांतून आजच्या चाचण्या थेट जन्मल्या असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण पाहणे, वेळ टिपणे, पुन्हा पाहणे ही शिस्त त्यात आहे. इब्न सिनांचे नाव घेऊन बाजारात विकल्या जाणाऱ्या 'दिल की दवा'च्या बाटल्यांत नेमकी हीच शिस्त नसते.

ही शिस्त पाळणारी व्यक्ती इस्पितळात नर्स असते. या औषधांवरच्या रुग्णाची काळजी घेताना ती काय पाहते, ते समजून घेतले तर घरीही करता येते. कळ कशाने आली, किती चालल्यावर आली, किती मिनिटे टिकली, आठवड्यात जिभेखालची गोळी किती वेळा लागली, याची नोंद ती ठेवते. रॅनोलाझिन सुरू असेल तर चक्कर, बद्धकोष्ठ, मळमळ विचारते. हे औषध हृदयाच्या विद्युत आलेखातले एक अंतर लांबवू शकते, म्हणून ईसीजीवर लक्ष असते. यकृताचा सिरोसिस असेल तर ते देत नाहीत. क्लॅरिथ्रोमायसिन, बुरशीवरचे किटोकोनाझोल, क्षयावरचे रिफाम्पिसिन ही औषधे त्याच्याबरोबर चालत नाहीत. म्हणून दुसऱ्या दवाखान्यात खोकल्यासाठी गेलात तरी हृदयाची चिठ्ठी बरोबर हवी. पूर्ण डोसवर असलेल्या मधुमेह्याच्या मेटफॉर्मिनलाही मर्यादा घालावी लागते. हळू विरघळणारी ही गोळी चावून किंवा कुटून द्यायची नसते. गिळता येत नाही म्हणून आपण सर्रास कुटतो, तेव्हा दिवसभराचा डोस एकदम अंगात जाऊ शकतो.

आणखी एक गोष्ट नर्स वारंवार बजावते: या गोळ्या आलेली कळ थांबवण्यासाठी नाहीत. त्या वेळी बसायचे आणि जिभेखालची गोळी घ्यायची. पाच मिनिटांत उतार पडला नाही, विश्रांतीतच कळ आली किंवा घाम फुटला, तर हे जुने दुखणे राहिले नाही. तडक इस्पितळ गाठायचे.

रमजानमध्ये प्रश्न अवघड होतो. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्या सहरी आणि इफ्तारला बसवता येतात, पण हा बदल डॉक्टरांशी बोलून, रमजानच्या काही आठवडे आधी करायचा असतो. कळ वाढत असेल तर रोजा धरू नये. आजाऱ्याला ही सवलत कुरआननेच दिली आहे आणि ती नाकारणे ही परहेजगारी नव्हे. रोजात कळ आली तरी जिभेखालची गोळी घ्यायला काही बुजुर्ग कचरतात. 1997 मध्ये जेद्दा येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या दहाव्या बैठकीत हा प्रश्न चर्चेला आला होता. अंजायनासाठी जिभेखाली ठेवलेल्या गोळीचा अंश घशाखाली गिळला नाही तर रोजा तुटत नाही, असा निर्णय झाला. काही उलमांचे मत वेगळे आहे. पण समजा रोजा तुटला, तरी त्याची कजा करता येते. जीव गेला तर त्याची कजा नाही. हे खुतब्यातून दरवर्षी एकदा सांगितले गेले, तर किती घरांचे भले होईल.

शेवटचा मुद्दा आपल्या घरातल्या रिवाजाचा. मदिनेत जखमींसाठी तंबू उभारून शुश्रूषा करणाऱ्या रुफैदा अल-अस्लमिया यांचे नाव आपण आदराने घेतो. पण आपल्या घरात औषध देते ती मुलगी किंवा सून, आणि डॉक्टरांसमोर बसतो तो मुलगा. रात्री अब्बा किती वेळा उठून बसले, वजू करताना हात किती थरथरला, कोणती गोळी त्यांनी गुपचूप टाकून दिली, हे जिला माहीत असते ती बाहेरच्या बाकावर पिशवी धरून बसलेली असते. आत मुलगा सांगतो, "तसे बरे आहेत." डॉक्टर तीच चिठ्ठी पुन्हा लिहितात.

पेरहेक्सिलिनला रक्ताच्या मोजमापाने वाचवले. ट्रायमेटाझिडिन आणि रॅनोलाझिनसाठी आपल्या गावात असे मोजमाप कोणी करत नाही. त्यांचे मोजमाप घरातच आहे. एक साधी वही घ्या. तारीख, किती चालले, कळ आली का, जिभेखालची गोळी किती, हात-पाय कसे, एवढे लिहा. एखादी गोळी नकोशी वाटली तरी मनाने बंद करू नका, वही दाखवून विचारा. आणि पुढच्या वेळी दवाखान्यात जाताना वहीबरोबर ती लिहिणारीलाही आत न्या.